नवतप्यातला कमांडो

नवा ड्रेस हातात आला तेव्हा श्रावण परातेने सगळ्यात आधी त्याचा वास घेतला. ही त्याची लहानपणापासूनची खोड. उमरेडला त्याच्या घरी हातमाग होते. बाप आणि काका लुगडी विणायचे, आई कांड्या भरायची. खळ लावलेल्या सुताचा आंबूस वास घरभर असायचा. माग विकले गेले, श्रावण नागपुरात आला, दुकानात हमाली केली, रंगकाम केलं, आणि शेवटी सिक्युरिटी गार्ड झाला. पण कापड हातात आलं की नाक आपोआप पुढे जायचं.

या ड्रेसला सायकलच्या नव्या ट्यूबसारखा वास येत होता. त्याने बाहीची कड अंगठा आणि बोटात धरून चोळली.

"पंकजभाऊ, याच्यात सुताचा एक धागा नाही गा," तो म्हणाला.

पंकज एजन्सीचा सुपरवायझर. मोटरसायकलवरून साऱ्या वर्धा रोडवरच्या सोसायट्या फिरायचा. तो हसला. "तुले काय त्याची चादर करायची हाय काय? कमांडो ड्रेस हाय. बाजूच्या टॉवरमध्ये पाहिलं ना, तेव्हापासून अध्यक्ष साहेब मागे लागले होते. तसाच पायजे म्हने. एक तारखेपासून घालायचा."

श्रावण ज्या नीलगगन हाइट्सच्या गेटवर उभा राहायचा, तिथे आधी साधा निळा शर्ट आणि काळी पँट होती. नवा ड्रेस डोक्यापासून पायापर्यंत काळा. खांद्यांवर बटणाच्या पट्ट्या, छातीवर झाकणाचे खिसे, मांड्यांवर आणखी दोन खिसे. कमरेला रुंद नायलॉनचा पट्टा. गळ्यात पिवळ्या ठिपक्यांचा काळा स्कार्फ. डाव्या खांद्याखालून निघून खिशात शिरणारी पांढरी विणलेली दोरी, तिच्या टोकाला शिट्टी. पायात घोट्यावर येणारे बूट. आणि डोक्यावर लोकरीची काळी बेरे टोपी, तिच्यावर पितळेचा बिल्ला. बिल्ल्यावर गरुड होता की कोंबडा ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

दुसरा गार्ड चंपतराव, रामटेककडचा. साठीला टेकलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. धानाची शेती धाकट्या भावाच्या हाती सोपवून पोरीच्या संसाराला हातभार म्हणून नागपुरात राहिला होता. त्याने टोपी डोक्यावर ठेवून केबिनच्या काचेत पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "उन्हाळ्यात कसं होईन गा, श्रावण?"

"होईन काहीतरी," श्रावण म्हणाला. तेव्हा त्याला खरंच वाटलं होतं की होईल काहीतरी.

पहिल्याच सकाळी सुभेदार फिरायला निघाले. गिरिधर माहुरे, फौजेतून निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावर राहणारे. बायको वारलेली, मुलगा बंगलोरला. रोज पहाटे हाफ पँट आणि पांढऱ्या बुटांत ते सोसायटीला फेऱ्या मारायचे आणि वाटेत दिसेल त्याची चूक काढायचे. गेटपाशी येऊन ते थबकले. श्रावणला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कौनसी पलटन?"

"जी?"

"पलटण कोणती तुझी, विचारतोय. कुठं लढलास?"

दूधवाला तिथेच उभा होता. तो हसला. श्रावणचे कान तापले.

"साहेब, मले एजन्सीनं देल्लं ते मी घातलं."

"एजन्सीनं! ही टोपी मिळवायला आमची पोरं महिनोन् महिने घाम गाळायची. आणि तू ती अशी घातलीस, जशी काही तव्यावरची पोळी!" त्यांनी हात पुढे करून टोपी ओढली, डाव्या डोळ्याच्या वर बिल्ला आणला, उजवी बाजू कानाकडे दाबली. "आता बरं. आता निदान लाज तरी वाटत नाही."

श्रावणने घरी येऊन हे पुष्पलताला, बायकोला, सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चढला. "टोपी नाही घातली तं पंकज गैरहजेरी लावते. घातली तं हा बुढा इज्जत काढते. मी करू तं काय करू वं?"

पुष्पलता शिलाईचं काम करायची; ब्लाउज, फॉल, पडदे. ती मशीन न थांबवता म्हणाली, "त्याइले सांगा ना, मी कुठं मागतली होती म्हना टोपी."

पण सुभेदारांना असं सांगता येत नसे, कारण ते बोलायचे थांबतच नसत. त्या दिवसापासून रोजच्या फेरीत त्यांचा एक थांबा गेटवर ठरला. त्यांना श्रावणच्या अंगावरची प्रत्येक वस्तू डाचत होती आणि प्रत्येक वस्तूबद्दल काही सांगायचं होतं. "ही दोरी कशाची?"

"शिट्टीची, साहेब."

"शिट्टी आत्ताची. घोडदळातली माणसं या दोरीला चाकू बांधायची. घोड्याच्या खुरात खडा अडकला की काढायला. तोफखान्यात तोफ उडवायलाही दोरीच ओढायचे. तू कोणता घोडा सांभाळतोस? ती अध्यक्ष बोरीकर साहेबांची गाडी?"

दुसऱ्या दिवशी खांद्याच्या पट्ट्या. त्या म्हणे शोभेच्या नव्हत्या. खांद्यावरून जाणारे काडतुसांचे, पाठपिशव्यांचे पट्टे घसरू नयेत म्हणून शिवायचे. मग टोपी. रणगाड्यात दाटीने बसणाऱ्यांना रुंद कडेची टोपी अडचणीची व्हायची, आणि तेलाचे हात लागले तरी दिसू नये म्हणून ती काळी. मांडीवरचे खिसे विमानातून उडी मारणाऱ्या शिपायांचे. उतरल्यावर लागणारा दाणागोटा त्यांत कोंबलेला असायचा.

श्रावण ऐकायचा. गाड्या आल्या की फाटक उघडायचा, पुन्हा येऊन ऐकायचा. गोष्टी खोट्या वाटत नव्हत्या. उलट त्या खऱ्या होत्या याचाच त्याला राग यायचा. ज्याला गरज होती त्याने गरजेपुरतं केलं होतं. मग आपल्याला काय गरज आहे म्हणून आपण हे सगळं अंगावर घेऊन उभे आहोत? एकदा त्याने हे विचारलंही.

"तेच तर म्हणतोय मी!" सुभेदार खूश होऊन म्हणाले आणि पुढच्या फेरीला निघून गेले.

एप्रिल तापला. पँटच्या आत मांड्या सोलवटल्या. स्कार्फखाली गळ्याभोवती घामोळ्यांची माळ उठली. बूट काढले की पाय पाण्यात भिजवलेल्या शेंगांसारखे पांढरे दिसायचे. चंपतरावाने उन्हापासून जपायला खिशात कांदा ठेवायला सुरुवात केली. नागपुरात कोण ठेवत नाही? पण पंकजने तपासणीत फुगलेला खिसा पाहिला आणि कांदा कुंडीत फेकायला लावला. "कमांडोच्या खिशात कांदा! साहेब लोक काय म्हनतीन?"

श्रावणने पंकजला रीतीने विचारून पाहिलं. उन्हाळ्यापुरती टोपी माफ करा. नाही. मग स्कार्फ तरी? नाही. बाह्या दुमडू? "मले काहून विचारून राहिला? मी देलेलं काम करतो. ऑफिसले सांग." श्रावण सुट्टीच्या दिवशी धंतोलीतल्या ऑफिसला गेला. तिथल्या मॅडमने थंड पाणी दिलं, एसीखाली बसवलं, आणि म्हटलं की ड्रेस क्लायंट ठरवतो. सोसायटीच्या अध्यक्षांना, संजीव बोरीकरांना, त्याने गाडीच्या खिडकीतून विचारलं, तर ते म्हणाले, ड्रेस एजन्सीचा विषय आहे, आपण त्यात कसं पडणार? आणि काच वर गेली.

मग पुष्पलतानेच मार्ग काढला. ती गांधीबागेतून काळं सुती कापड घेऊन आली. तिने ड्रेस उलटा करून मापं घेतली आणि अगदी तसाच शिवला. झाकणाचे खिसे, खांद्याच्या पट्ट्या, सगळं. फक्त काखेत आणि पाठीवर आतून हवा जायला जागा ठेवली. श्रावणने तो चढवला आणि त्याला हसू आलं. "अंगावर काही घातल्यासारखंच नाही वाटत वं."

तो ड्रेस त्याने घातला त्याच्या तिसऱ्या दिवशी पंकज आला. लांबूनच थांबला. "हा ड्रेस कुठचा?"

"आपलाच. घरी शिवला. रंग तोच हाय, पहा ना."

"सुरकुत्या पहा याच्यावर! उठून बसला की चुरगळून राहिला. आमच्या ड्रेसले इस्त्रीची गरजच नाही, माहीत हाय? म्हनून तं तो कपडा घेतला. काढ हे. जा, बदलून ये."

"पंकजभाऊ, त्या कपड्यात मानूस उकडून निघते."

"सगळे घालूनच राहिले ना? तुलेच काहून जास्त होते?"

श्रावणने केबिनमागे जाऊन कपडे बदलले. सुती ड्रेस घडी करून पिशवीत ठेवला. भांडला असता तर नोकरी गेली असती, आणि पोरीचं, रोशनीचं, कॉलेज अजून एक वर्ष बाकी होतं.

त्याच आठवड्यात रोशनी सीताबर्डीवरून पँट घेऊन आली. हिरवट मातकट रंगाची, ढगळ, मांड्यांवर झाकणाचे मोठे खिसे. आरशासमोर उभी राहून ती एकेका खिशात हात घालून पाहत होती. श्रावण नुकताच ड्यूटीवरून येऊन कूलरसमोर बसला होता. त्याने ती पँट पाहिली आणि एकदम भडकला.

"हे काय घेऊन आली? तुले कोनी सक्ती केली काय? मी इकडं दिवसभर हेच आंगावर घेऊन मरून राहिलो, आन् तू पैसे देऊन आनते!"

रोशनी दचकली. मग तीही चिडली. "बाबा, मले आवडते म्हनून आनली. कार्गो हाय ते. आमच्या कॉलेजात सगळ्या घालतात."

"तो खिसा कशाचा हाय माहीत हाय तुले? विमानातून उड्या मारनाऱ्या शिपायाइचा!"

"असन! मले काय करायचं? मुलीइच्या ड्रेसले कधी खिसे राहतात काय, सांगा बरं? पर्स हिसकून नेली होती ना माझी बर्डीवर? आता फोन, पास, चावी, सगळं याच्यात राहते. हात मोकळे." तिने दोन्ही हात वर करून दाखवले. "आन् सुती हाय, हात लावून पहा."

त्याने हात लावून पाहिलं. खरंच सुती होती. जाड, धुऊन मऊ केलेली. त्याला आणखीच वैताग आला, कारण आता रागवायलाही काही उरलं नव्हतं. पोरीला जे हवं होतं ते तिने निवडून घेतलं होतं. त्याने पाणी पिऊन भिंतीकडे तोंड केलं.

नवतपा लागला, मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. सकाळी नऊपासून रस्त्यावर माणूस दिसेना. ऑटोवाले झाडाखाली आडवे, कुत्री गटाराच्या ओलीत. अध्यक्षांनी मात्र नियम केला होता की गाड्या येता-जाता गार्ड केबिनच्या बाहेर उभा दिसला पाहिजे, कारण केबिनमध्ये बसलेला गार्ड झोपल्यासारखा वाटतो.

त्या दुपारी चंपतराव गेटवर होता आणि श्रावण मागे पाण्याचा टँकर लावून घेत होता. त्याला धप्पकन आवाज आला. वळून पाहतो तर चंपतराव फाटकाच्या रुळावर आडवा. तोंड लालभडक, अंग कोरडं, आणि तव्यासारखं तापलेलं. तो काहीतरी बरळत होता. भावाचं नाव घेत होता, बांधावर पाणी सोडायला सांगत होता.

श्रावणने त्याला काखेत धरून सावलीत ओढलं आणि कपडे सुटे करायला लागला. तिथेच त्याचा धीर सुटला. स्कार्फची गाठ घामाने आवळून बसली होती. दोरी बटणात अडकली. पट्ट्याचा आकडा प्लॅस्टिकचा, तापून वाकलेला, तो उघडेना. बुटांच्या नाड्या घोट्यापर्यंत गुंफलेल्या. श्रावण ओढत होता, शिव्या देत होता, रडत होता. "उघड ना रे! उघड ना!" शेवटी टँकरवाल्याने आपली सुरी काढली. दोघांनी मिळून ड्रेस छातीपासून खालपर्यंत फाडला, टँकरचा पाइप त्याच्यावर धरला आणि मग त्याला टँकरवाल्याच्या शेजारी बसवून दवाखान्यात नेलं.

चंपतराव वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. पण जीभ जड झाली, आणि उन्हात उभं राहायचं नाही असं कायमचं बजावलं. पंकज दवाखान्यात आला, खुर्चीवर बसला, आणि बाहेर निघताना श्रावणला म्हणाला, "ड्रेस फाडाची काय गरज होती गा? बटनं काढता येत होती ना."

श्रावण वळून चंपतरावाच्या खाटेकडे गेला. तिथं थांबला असता तर हात उचलला गेला असता.

रविवारी सोसायटीची मीटिंग ठरली. विषय होते लिफ्ट, पाण्याचं वेळापत्रक आणि गार्डचा ड्रेस. तिसरा विषय सुभेदारांनी हट्टाने घालायला लावला होता. आदल्या सकाळी ते गेटवर आले, पहिल्यांदाच श्रावणच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या बघ. मी बोलणार आहे. फौजेचा माणूस बोलला की हे ऐकतील."

श्रावणला हुरूप आला. त्याने पुष्पलताला सांगितलं की आता होईल काहीतरी, माहुरे साहेब उभे राहणार आहेत.

क्लब हाउसच्या एसी हॉलमध्ये लोक जमले. श्रावण दार उघडायला आणि पाण्याचे ग्लास द्यायला आत होता. सुभेदार उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छाती ताठ.

"मित्रांनो, तुम्ही सगळे थंडीत मंकी कॅप घालता. ती कुठून आली, माहीत आहे?"

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणी हसलं.

"रशियाच्या थंडीत लढणाऱ्या इंग्रज शिपायांसाठी त्यांच्या घरच्या बायकांनी विणून पाठवली! तुमचं कार्डिगन? त्याच लढाईतल्या एका सरदाराचं नाव ते. बोरीकर साहेब, तुमचा टाय? क्रोएशियाचे शिपाई गळ्यात रुमाल बांधायचे, तो फ्रान्सच्या दरबारात गेला आणि टाय झाला. मनगटावरचं घड्याळ? खंदकात बसलेल्या शिपायाला खिशातून घड्याळ काढायला फुरसत नव्हती!"

आता लोकांना मजा यायला लागली. कोणीतरी मागून विचारलं, "साहेब, आणि आमचा टी-शर्ट?"

"नौदल! जहाजावरच्या खलाशांची आतली बंडी!"

"आणि माझ्या मिसेसचा नवा ट्रेंच कोट?"

"नावातच आहे! ट्रेंच म्हणजे खंदक!"

हशा पिकला. सुभेदारांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज आलं होतं. इतकी वर्षं त्यांचं असं कोणी ऐकलं नसावं. ते खाकीवर आले. गोऱ्या पलटणींचे कोट लाल असायचे, इथल्या धुळीत लांबून नेमके दिसायचे, उन्हात माणसं हैराण व्हायची, मग सरहद्दीवर कोणी सुती कापड मातीत आणि चहात बुडवून रंगवलं म्हणे. श्रावण भिंतीशी ट्रे धरून उभा होता. त्याच्या मनात एकच चाललं होतं: आता म्हणा. आता चंपतरावाचं नाव घ्या. फौजेनेसुद्धा उन्हासाठी कपडे बदलले, हे म्हणा आणि थांबा.

पण सुभेदार खाकीवरून बटणांवर गेले, बटणांवरून बाह्यांवर. बोरीकरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली.

"फारच माहितीपूर्ण," बोरीकर म्हणाले. "गणपतीत आपण साहेबांचं यावर व्याख्यानच ठेवू या. बरं, गार्डच्या ड्रेसबद्दल कोणाला काही अडचण? श्रावण, तू इथंच आहेस. सांग, काय त्रास आहे?"

सगळी डोकी वळली. दारात पंकज उभा होता. श्रावणच्या मनात कापड, काख, कांदा, चंपतरावाची जीभ, सगळं एकदम आलं, आणि तोंडातून निघालं एवढंच: "साहेब, गरम होते."

"अहो, गरम तर सगळ्यांनाच होतं!" पुढच्या रांगेतला कोणी म्हणाला, आणि पुन्हा हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते. नागपूरच्या उन्हावर लोक हसतात तसंच. ठराव झाला की केबिनमध्ये एक पंखा बसवावा आणि गार्डना ग्लुकोजची पाकिटं द्यावीत. ड्रेस राहील, कारण त्यामुळे परिसराला शिस्त वाटते. मग लिफ्टवर भांडणं सुरू झाली.

मीटिंगनंतर सुभेदार पार्किंगमध्ये श्रावणला शोधत आले. चेहरा अजून फुललेला. "ऐकलंस? कसे गप्प बसले होते सगळे!"

"पंखा केबिनमधी लावून राहिले साहेब. मले बाहेर उभं ठेवतात."

"ते होईल हळूहळू. लोकांना आधी पार्श्वभूमी..."

"चंपतराव पडला ते सांगाले पायजे होतं!" श्रावणचा आवाज खांबांवर आदळला. "तुम्ही टोपीची गोष्ट सांगत बसले. टायची सांगतली. बंडीची सांगतली. मानूस रुळावर पडला होता, त्याचं नाव एकदा घेतलं काय तुम्ही? एकदा?"

फौजेत सुभेदारांशी कोणी असं बोललं नसेल. त्यांचा हात खिशाकडे गेला, रुमाल काढला, त्याची घडी उलगडून त्यांनी ती पुन्हा तशीच घातली. "मी... येणारच होतो त्याच्यावर," ते म्हणाले. "वेळ संपला."

"होय ना. वेळ संपला," श्रावण म्हणाला आणि गेटकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्या सुती हाफ शर्टात, साध्या पँटीत आणि चपलांत ड्यूटीवर आला. डोक्याला दुपट्टा. त्याने काही ठरवलं नव्हतं. सकाळी खुंटीवरच्या काळ्या ड्रेसकडे हात जाईना, एवढंच. पुष्पलताने पाहिलं, डबा हातात दिला आणि म्हणाली, "पाहून घेऊ."

नेहमीसारखंच त्याने फाटक उघडलं, लावलं, कुरिअरवाल्यांची नावं घेतली, एका म्हाताऱ्या बाईंच्या भाजीच्या पिशव्या लिफ्टपर्यंत नेल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी गाडीतून विचारलं, "नवीन माळी का?" दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी वरच्या बाल्कनीतून काढलेला फोटो टाकला: "गेटवर सकाळपासून गार्ड नाही. लक्ष द्यावे." फोटोत फाटकाशी श्रावण उभा होता, एका गाडीला हात करत.

पंकजने तो फोटो मोबाइलवर त्याच्यासमोर धरला तेव्हा श्रावणने फाटकाशी उभ्या माणसावर बोट ठेवलं. "हा मी होय ना, पंकजभाऊ?"

"होय. पन गार्ड कुठं हाय याच्यात?" पंकज म्हणाला. तो या वेळी चिडलेला नव्हता, थकल्यासारखा दिसत होता. त्याच्याही पाठीला शर्ट चिकटला होता. "मी तुले काढून नाही टाकत. बुटीबोरीच्या गोदामावर जा. तिथं कोनी पाहत नाही."

श्रावण गेला. बुटीबोरी लांब, बस बदलावी लागते, घरी पोहोचायला अंधार पडतो. गोदामाचा ड्रेस फिका निळा होता, तोही पॉलिस्टरच, खांद्यांवर त्याच बटणाच्या पट्ट्या. पुष्पलताने पहिल्याच आठवड्यात त्या उसवून काढल्या आणि काखेखाली सुती कापडाचे तुकडे लावले. मालाच्या ट्रकवाल्यांनी त्याच्या खांद्यांकडे कधी पाहिलं नाही.

चंपतराव रामटेककडे परतला. त्याला बोलताना थांबावं लागतं; ऊन असलं की ओसरीवरून खाली उतरत नाही. एजन्सीने त्याच्या नावापुढे अनफिट असं लिहिलं. सुभेदारांचं गणपतीतलं व्याख्यान झालं की नाही, श्रावणला कळलं नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन येऊन गेला होता. श्रावणने नाव पाहिलं आणि उचलला नाही. नंतर त्याला वाटलं, उचलायला हवा होता. पण परत फोन करून बोलायचं काय, हे सुचलं नाही.

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी त्याची बस वर्धा रोडवर बंद पडली, नेमकी नीलगगनच्या समोर. लोक दुसऱ्या बसची वाट पाहत सावली शोधू लागले. श्रावणला फाटकाशी एक नवा पोरगा दिसला. पंचविशीचा असेल. तोच काळा ड्रेस, स्कार्फ, टोपी. केबिनमध्ये पंखा फिरत होता आणि पोरगा बाहेर उन्हात उभा होता.

श्रावण रस्ता ओलांडून गेला. "ऐक बे, स्कार्फच्या खालचं बटन खोलून ठेव. वरून कोनाले दिसत नाही. आन् बूट ढिले बांध."

पोरग्याने त्याच्या निळ्या ड्रेसकडे, गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. एजन्सीचं तेच चिन्ह. तपासणीला आलेला वरचा माणूस समजून त्याने टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. कानशिलावरून घाम टपटप गळत होता.

"अरे, सलाम कायले करून राहिला? मी कोनी साहेब नाही. सावलीत जा ना तू!"

"नाही सर. ठीक आहे सर."

"सर नको म्हनू. जा म्हनतो ना आत! मरशीन!"

पोरगा आणखी ताठ झाला. मागून बसवाल्याने हॉर्न दिला. दुसरी गाडी आली होती. श्रावण दोन पावलं मागे आला, पुन्हा पुढे गेला, पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याने केबिनच्या कट्ट्यावर ठेवली आणि धावत जाऊन बसचा दांडा पकडला. गर्दीतून वाट काढत तो खिडकीपाशी पोहोचला तेव्हा पोरगा अजून तसाच उभा होता, आणि बाटलीला त्याने हात लावला नव्हता.